लग्न परदेशात, कागद मुंबईत

परदेशात लग्न करून मुंबईत आलेल्या जोडप्याला पहिल्या आठवड्यातच कुणीतरी गाठतं आणि छातीठोकपणे सांगतं, “तिकडचं लग्न इकडे चालत नाही हो. इथे परत रजिस्टर करून घ्या.” सांगणारा कधी सोसायटीचा सेक्रेटरी असतो, कधी बँकेच्या खिडकीपलीकडचा माणूस, कधी लांबचे काका. मग गिरगावकर नाना चौकातल्या डी वॉर्डात जातात, दादरकर प्लाझामागच्या जी उत्तरला, लालबागचे परळच्या एफ दक्षिणला. तिथून कुणीतरी फोर्टातल्या ओल्ड कस्टम हाऊसला पिटाळतं. दोन-चार खेपा झाल्या की एजंट भेटतोच.

या धावपळीत मूळ प्रश्न राहून जातो. लग्न कायदेशीर करून घ्यायचंय, की कायदेशीर लग्नाचा पुरावा उभा करायचाय? ही दोन कामं वेगळी. लग्न वैध आहे की नाही, हे बहुतेक वेळा लग्नाच्या दिवशी, लग्नाच्या ठिकाणीच ठरून गेलेलं असतं. मुंबईत करायचं असतं ते दुसरं काम, आणि ते वाटतं तितकं अवघड नाही. फक्त क्रम चुकवायचा नाही.

आधी लग्न उभं आहे का ते बघा

परदेशातलं लग्न आपली न्यायालयं साधारण दोन कसोट्यांवर तपासतात. पहिली कसोटी रीतीची: ज्या देशात लग्न लागलं, तिथल्या कायद्याप्रमाणे ते रीतसर लागलं का? कॅलिफोर्नियात काउंटी क्लार्ककडून लायसन्स घेऊन झालेलं लग्न तिथल्या कायद्याने पक्कं असेल, तर अंतरपाट नव्हता, मंगलाष्टकं झाली नाहीत म्हणून ते इथे सहसा कच्चं ठरत नाही. दुसरी कसोटी पात्रतेची: ती दोघं एकमेकांशी लग्न करायला मोकळी होती का? हे ज्याच्या त्याच्या अधिवासाच्या कायद्यावरून ठरतं. लालबागचा मुलगा तीन वर्षांच्या कामासाठी ह्यूस्टनला गेला आणि परतायचा त्याचा बेत कायम आहे, तर कायद्याच्या नजरेत तो भारतातच राहणारा. वय, आधीचं लग्न, नात्यातली बंधनं, सगळं इथल्या कायद्याने पाहिलं जाणार.

१९५५ चा हिंदू विवाह कायदा तर पहिल्याच कलमात सांगतो, की भारतात अधिवास असलेला हिंदू देशाबाहेर असला तरी हा कायदा त्याला लागू राहतो. या कायद्यापुरते बौद्ध, जैन आणि शीखही त्यातच येतात. म्हणून उलटा पेचही पडतो. इंग्लंडमध्ये एखाद्याच्या दिवाणखान्यात भटजींनी लग्न लावलं आणि नागरी नोंद केलीच नाही, तर तिथला कायदा त्याला लग्न मानत नाही. मग मुंबईत येऊन ‘आम्ही भारतीय अधिवासाचे हिंदू, सप्तपदी झाली होती’ हे साक्षीपुराव्याने सिद्ध करत बसावं लागतं.

खास या विषयासाठी केलेला कायदा म्हणजे विदेशी विवाह अधिनियम, १९६९. विधी आयोगाने १९६२ साली आपल्या तेविसाव्या अहवालात त्याची शिफारस केली होती. दोघांपैकी निदान एक भारतीय नागरिक असेल, तर त्या देशातल्या भारतीय वकिलातीतल्या विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न लावता येतं, किंवा तिथल्या कायद्याने झालेल्या लग्नाची नोंद करता येते. अटी चार: कुणाचाही नवरा किंवा बायको हयात नसावी, संमती देण्याइतकी मानसिक स्थिती असावी, मुलगा २१ आणि मुलगी १८ वर्षं पूर्ण असावी, नातं निषिद्ध नसावं.

पण काकांना दाखवावं असं कलम याच कायद्यात आहे. कलम २७ म्हणतं, की या कायद्याबाहेर परदेशात झालेल्या लग्नाच्या वैधतेला हा कायदा धक्का लावत नाही. कलम १८ त्याही पुढे जातं. एक जण जरी भारतीय नागरिक असेल, तरी परदेशात झालेल्या ‘इतर कोणत्याही’ लग्नाच्या बाबतीत इथली न्यायालयं विशेष विवाह कायद्यातले घटस्फोट वगैरे उपाय देऊ शकतात. नोंदणी न केलेलं परदेशी लग्न कायद्याने वाऱ्यावर सोडलेलं नाही, ते असं.

जिथे खरंच पाणी मुरतं

वैधतेचा खरा घोळ दोन-तीन ठिकाणीच होतो. सगळ्यात मोठा आधीच्या घटस्फोटाचा. दादरला वैदिक पद्धतीने लग्न झालं, अमेरिकेत गेल्यावर नवऱ्याने एकट्याने तिथल्या कोर्टातून घटस्फोट घेतला आणि दुसरं लग्न केलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी या खटल्यात अशा घटस्फोटांना चाप लावला. ज्या कायद्याखाली लग्न झालं त्या कायद्यातल्या कारणाशिवाय आणि दुसऱ्या बाजूच्या खऱ्याखुऱ्या सहभागाशिवाय परदेशी कोर्टाने दिलेला निवाडा इथे साधारणपणे बंधनकारक नाही. म्हणजे अमेरिकेच्या दृष्टीने मोकळा झालेला माणूस भारताच्या दृष्टीने विवाहितच राहतो आणि त्याचं दुसरं लग्न इथे टिकत नाही. दोघांपैकी कुणाचंही हे दुसरं लग्न असेल, तर लग्नाच्या दाखल्याआधी पहिल्या घटस्फोटाचा निवाडा वकिलाला दाखवा.

दुसरी जागा नात्यातल्या लग्नाची. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अनेक समाजांत रूढीने चालतं आणि रूढी सिद्ध झाली तर हिंदू विवाह कायदाही ते मानतो. विशेष विवाह कायद्याच्या निषिद्ध नात्यांच्या यादीत मात्र मामेबहीण, आतेबहीण, मावसबहीण, चुलतबहीण, सगळ्या आहेत. तेव्हा असं लग्न वैध असूनही त्या कायद्याखाली नोंदवायला गेलं की गाडी अडते.

तिसरी गोष्ट स्पष्ट सांगितलेली बरी. परदेशात कायदेशीरपणे झालेल्या समलिंगी विवाहाला भारतात आज मान्यता नाही. ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी मान्यता देण्यास नकार दिला. त्यात विदेशी विवाह अधिनियमाचाही प्रश्न होता.

लग्न मान्य, पण हक्क?

लग्न मान्य झालं की त्यावर टेकवलेला प्रत्येक हक्क आपोआप मिळतो, असंही नाही. मुंबई उच्च न्यायालयातला याचा गाजलेला दाखला शंभर वर्षांहून जुना आहे. रतनजी दादाभॉय टाटा यांनी १९०२ साली पॅरिसमध्ये सुझान ब्रिएर या फ्रेंच तरुणीशी लग्न केलं. पुढच्या वर्षी मुंबईत तिची नवजोत (पारशी धर्मदीक्षा) झाली आणि पारशी विधीने पुन्हा लग्न लागलं. जे. आर. डी. टाटा हे त्यांचेच चिरंजीव. पण डुंगरवाडी (पारशांची अंत्यविधीची जागा) आणि अग्यारी यांवर सुझानबाईंचा हक्क आहे का, यावरून पारशी पंचायतीत वादळ उठलं आणि पेटिट विरुद्ध जीजीभॉय हा खटला उभा राहिला. न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांनी १९०८ साली निकाल दिला: धर्मांतर करून आलेल्या व्यक्तीला त्या विश्वस्त निधींचा लाभ मागता येणार नाही, कारण ते जन्माने पारशी असलेल्यांसाठी आहेत. भांडण पॅरिसच्या दाखल्याचं नव्हतंच. ट्रस्टच्या अटींचं होतं.

आजच्या गिरगावात हाच मुद्दा पागडीच्या खोलीवरून येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे राहत्या जागेचा भाडेकरू वारला, की आधी त्याच्याबरोबर राहत असलेल्या कुटुंबीयाचा विचार होतो. तसं कुणी नसेल तर वारसांचा. सिडनीत लग्न करून तिथेच राहिलेल्या सुनेचं लग्न शंभर टक्के वैध असेल, पण पावती नावावर करताना मालक विचारणार तो राहण्याचा पुरावा. म्हणून कागद गोळा करण्याआधी विचारावं, नक्की कशासाठी हवाय? बँकेतलं नाव, पासपोर्ट, व्हिसा, ओसीआय कार्ड, वारसा, घटस्फोट, यांपैकी प्रत्येकाची मागणी निराळी असते.

मुख्य कागद तिकडचाच

पहिला आणि सर्वांत वजनदार पुरावा म्हणजे त्या देशाच्या नोंदणी अधिकाऱ्याने दिलेला दाखला. इथेच पहिली चूक होते. अमेरिकेत बऱ्याच जोडप्यांकडे सोनेरी किनारीचा, भिंतीवर लावण्यासारखा कागद असतो. तो हौसेचा. लायसन्स म्हणजे लग्न करायची परवानगी, तोही पुरावा नव्हे. लागते ती प्रमाणित प्रत: सरकारी दप्तरातल्या नोंदीवरून काढलेली, अधिकाऱ्याची सही आणि शिक्का असलेली. इंग्लंड आणि वेल्समध्ये ४ मे २०२१ पासून लग्नाची नोंद इलेक्ट्रॉनिक रजिस्टरात होते आणि दाखल्यावर दोघांच्या आयांची नावंही येतात. आपल्याकडच्या जन्मदाखल्याशी ताळा घालताना त्याचा चांगला उपयोग होतो. दाखला इंग्रजीत नसेल तर अधिकृत भाषांतर जोडा. युरोपातले काही देश १९७६ च्या व्हिएन्ना करारानुसार बहुभाषी उतारा देतात. मिळत असेल तर तोच मागा, भाषांतराचा ताप वाचतो.

दुसरी पायरी अपॉस्टीलची. ५ ऑक्टोबर १९६१ चा हेग करार भारताला १४ जुलै २००५ पासून लागू आहे. करारातल्या दोन देशांमध्ये एकाचा सरकारी कागद दुसऱ्याकडे न्यायचा, तर वकिलातीच्या फेऱ्यांऐवजी एक ठरावीक चौकोनी पत्रक पुरतं. त्याची प्रत्येक बाजू निदान ९ सेंटिमीटर, मथळा फ्रेंचमध्ये आणि खाली क्रमांक घातलेल्या १० नोंदी: देश कोणता, सही कुणाची, कोणत्या नात्याने केली, शिक्का कुणाचा; मग कुठे, कधी, कुणी प्रमाणित केलं, क्रमांक काय, आणि शेवटी शिक्का व सही. बारकाईने वाचलं तर लक्षात येतं, की लग्न खरं की खोटं यावर त्यात चकार शब्द नाही. कागदावरची सही आणि शिक्का खऱ्या अधिकाऱ्याचा आहे, एवढंच ते सांगतं. वैधता आणि पुरावा वेगळे, ते इथेही दिसतं.

अपॉस्टील ज्या देशाचा कागद, त्याच देशात मिळतं. अमेरिकेत तर ज्या राज्याचा दाखला त्याच राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून. मुंबईत आल्यावर ते आठवलं तर पुन्हा तिकडे कुरिअर आणि कुणाची तरी मनधरणी. कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून करारात आला, म्हणून तिथल्या लोकांनी जुन्या सल्ल्यावर विसंबू नये. आखातातही ओमान, बहारीन, सौदी अरेबिया करारात आहेत. सगळं आखात नाही. करारात नसलेल्या देशाचा कागद आधी त्या देशाच्या परराष्ट्र खात्याकडून आणि मग तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून आणावा लागतो.

प्रकरण कोर्टात गेलं तर मोजमाप आणखी कडक. १ जुलै २०२४ पासून पुराव्याच्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण नियम तोच राहिला. परदेशी सरकारी दस्तऐवज मूळ स्वरूपात द्यायचा, नाहीतर तो ज्याच्या ताब्यात असतो त्या अधिकाऱ्याने प्रमाणित केलेली प्रत द्यायची, सोबत नोटरीचा किंवा भारतीय दूताचा दाखला, शिवाय तिथल्या कायद्यात त्या कागदाचं स्थान काय हेही दाखवायचं. परदेशी कायदा आपल्या न्यायाधीशाला माहीत आहे असं धरलं जात नाही. तोही पुराव्यानेच सिद्ध करावा लागतो.

इथला कागद हवाच असेल तर

दारं तीन आहेत. सर्वांत सोपं दार परदेशातच आहे: निघण्याआधी तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा महावाणिज्य दूतावासात विदेशी विवाह अधिनियमाच्या कलम १७ खाली नोंद करून घेणं. लग्न तिथल्या कायद्याने रीतसर झालंय आणि वरच्या चार अटी पुऱ्या होतात, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली की भारत सरकारचा दाखला हातात येतो. ज्यांना पुढे इथे कायमचं यायचंय त्यांनी ही संधी दवडू नये.

दुसरं दार वॉर्ड ऑफिसचं. तिथली नोंदणी महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली होते, ९० दिवसांच्या मुदतीच्या हिशेबाने. हा रस्ता मुळात राज्यात लागणाऱ्या लग्नांसाठी आहे. टोरांटोचं लग्न तिथे घेऊन गेलात आणि खिडकीवरच्या बाईंनी मान हलवली, तर त्यात त्यांचा आडमुठेपणा नाही.

तिसरं दार ओल्ड कस्टम हाऊसमधल्या विवाह अधिकाऱ्याचं. गिरगाव, लालबाग, परळ, दादर हे सगळं मुंबई शहर जिल्ह्यात येत असल्याने त्यांचं कार्यालय हेच. विशेष विवाह कायदा, १९५४ च्या कलम १५ खाली अन्य पद्धतीने आधीच झालेल्या लग्नाची नोंद करता येते आणि लग्न कुठे झालं याची अट त्या कलमात नाही. अटी आहेत त्या वेगळ्या: लग्नापासून दोघं नवरा-बायको म्हणून एकत्र राहत असावीत, नोंदणीच्या वेळी दोघांचीही वयाची २१ वर्षं पूर्ण असावीत, आणि अर्जाच्या आधी दोघांचं सलग ३० दिवस या जिल्ह्यात वास्तव्य असावं. अर्जानंतर हरकतींसाठी आणखी ३० दिवसांची नोटीस, मग तीन साक्षीदारांच्या सह्या. गणपतीला दहा दिवसांच्या रजेवर आलेल्यांनी या वाटेला जाऊच नये.

इथे एक सावधगिरी. या नोंदणीनंतर ते लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं असं धरलं जातं. दोघं हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर वारशात फरक पडत नाही. पण नवरा हिंदू आणि बायको ख्रिश्चन असेल, तर वारसाहक्क १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याकडे जातो. वडिलोपार्जित घर, गावची जमीन यांचा प्रश्न असेल तर सही करण्याआधी वकिलाला विचारलेलं बरं. नुसता ‘एक जादा कागद’ म्हणून हा उद्योग करायचा नाही.

एक जोडपं, दोन तारखा

सध्या सर्रास दिसणारा प्रकार असा: व्हिसासाठी मार्चमध्ये तिकडे सही, डिसेंबरमध्ये दादरच्या हॉलमध्ये चारशे पानांचं लग्न. नात्यागोत्यासाठी खरं लग्न डिसेंबरचं, कायद्यासाठी मार्चचं. अडचण येते ती डिसेंबरच्या लग्नाची वॉर्डात ताजी नोंद करताना. अर्जात लग्नाच्या वेळची स्थिती लिहायची असते आणि हात सवयीने ‘अविवाहित’ लिहून जातो. मग व्हिसाच्या कागदांवर मार्च, मुंबईच्या सर्टिफिकेटवर डिसेंबर आणि मधले नऊ महिने सांगता येत नाहीत. स्वतःच्याच बायकोशी पुन्हा विधी करायला कुणाची ना नाही. पण पहिलं लग्न लपवून दुसरं नोंदवू नका, आणि एजंटने नव्याने लग्न लावण्याची नोटीस पुढे केली तर थांबा. झालेल्या लग्नाच्या नोंदणीचा अर्ज वेगळा असतो.

नुसत्या सर्टिफिकेटावर विसंबणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये डॉली रानी प्रकरणात बजावलं आहे: विधीच न होता मिळवलेल्या नोंदणी दाखल्याने हिंदू विवाह होत नाही.

नावांचा गुंता तर घरोघरी. तिकडच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर नवऱ्याचं मधलं नाव, पॅनवर तिसरंच. नाव अधिकृतपणे बदलायचं तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. ते काम गिरगावकरांच्या शेजारच्या, चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयाकडून होतं आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. नाव बदलायचंच नसेल तर तेही चालतं, फक्त सगळ्या कागदांवर एकच ठेवा.

कागदच नसेल तेव्हा

जुन्या पिढीत नैरोबी, एडन, रंगून इथे लागलेली लग्नं आहेत, ज्यांचा दाखला कुणी जपला नाही. १९६१ पूर्वी गोव्यात लागलेली लग्नंही त्या काळी परमुलखातलीच. पण पोर्तुगीज अमलापासून तिथे नागरी नोंदणी असल्याने धोबीतलाव-गिरगावातल्या गोंयकार कुटुंबांना नोंद सापडण्याची आशा जास्त. बाकीच्यांसाठी कायदा दीर्घ सहजीवनाकडे बघतो. १९७८ च्या बद्री प्रसाद खटल्यात सुमारे ५० वर्षं पती-पत्नी म्हणून राहिलेल्यांचं लग्न सर्वोच्च न्यायालयाने गृहीत धरलं आणि ते खोडून काढण्याचा भार आक्षेप घेणाऱ्यावर टाकला. अशा वेळी जुने पासपोर्ट, रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, लग्नपत्रिका, फोटो यांचा गठ्ठा कामी येतो. घटस्फोटाच्या किंवा द्विभार्या-गुन्ह्याच्या खटल्यात मात्र नातेवाइकांच्या नुसत्या समजुतीवर भागत नाही. आणि लग्न झालंच नव्हतं असं कुणी म्हणत असेल, तर वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयाकडून वैवाहिक दर्जा जाहीर करणारा निवाडा मागता येतो.

परदेशी भारतीयांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करावी, अशी शिफारस विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या २८७ व्या अहवालात केली आहे. शिफारस कायदा होईपर्यंत कामाचा क्रम असा ठेवा: आधीचं लग्न असल्यास ते रीतसर संपलंय का ते तपासा, तिकडची प्रमाणित प्रत दोन-तीन नगांत घ्या, अपॉस्टील तिथेच लावून घ्या, जमल्यास वकिलातीत नोंद करा, मग विमानात बसा. जोडीदार परदेशी नागरिक असेल तर घाई अधिक, कारण ओसीआय कार्डासाठी लग्न नोंदवलेलं आणि अर्जाआधी सलग दोन वर्षं टिकलेलं लागतं. एवढं हाताशी असेल, तर ‘तिकडचं इकडे चालत नाही’ म्हणणाऱ्याला एकच विचारा: कोणत्या कलमाखाली चालत नाही, तेवढं लिहून द्या.